जळगावातलं कर्नल लॉकिंगचं वीकेंड वर्कशॉप : साडेतीन हजारात काय मिळालं, काय राहिलं

पाचपैकी चार स्टार. विषय लिनक्सच्या कर्नलमधली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली लॉक्स, एकाच डेटावर दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून असतात ती, आणि एक मोठं लॉक तोडून बारीक बारीक कशी करायची. पाचवा का कापला ते खाली रविवारच्या भागात येईलच. ज्यांना घाई आहे त्यांना आत्ताच सांगतो, सी बऱ्यापैकी येत असेल आणि स्वतःच्या हातानं मशीन हँग करायची भीती नसेल तर डोळे झाकून जा, पण इंटरव्ह्यूपुरतं मल्टिथ्रेडिंग (एका प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड म्हणजे कामाचे धागे एकदम चालवणं) उरकायला जाणार असाल तर पैसे वाया जातील, आमच्या बॅचमधली दोन पोरं शनिवारी जेवायला गेली ती परत आलीच नाहीत.

क्लासचं नाव टाकत नाही, जळगावात असलं काही शिकवणारं दुसरं आहेच कोण, दोन जणांना विचारलं की पत्ता लागतो. रिंग रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावर टॅली-डीटीपीची एक लॅब आहे, शनिवार-रविवार ती रिकामी असते, तीच भाड्यानं घेऊन हे चालवतात. सर मूळचे अमळनेरचे, बरीच वर्षं पुण्यात ड्रायव्हर लिहिण्यात गेली, आता घरून काम करतात आणि अधूनमधून असली बॅच घेतात. फी साडेतीन हजार, त्यात दोन दिवसांचं शिकवणं, चहा आणि एक पेन ड्राइव्ह ज्यात व्हीएमची (पीसीच्या आत चालणाऱ्या नकली पीसीची) इमेज आणि सगळा कोड असतो. जेवण आपलं आपण. बॅच पंधरा-वीस जणांची, धुळे, शिरपूर, भुसावळ, फैजपूर असे सगळीकडून आलेले, आणि निम्मी पोरं पायथॉनवाली. पायथॉनमधून जीआयएल, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं मोठं लॉक, काढताहेत हे ऐकून ती आली होती. तेही खरंच आहे म्हणा, ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये जीआयएल नसलेलं बिल्ड प्रायोगिक म्हणून आलं, दुखणं तेच आहे, पण इथं पायथॉनची एक ओळ लिहायची नव्हती आणि ते जाहिरातीत नीट लिहायला पाहिजे होतं.

शनिवारची सकाळ पूर्ण इतिहासात गेली आणि मला वाटलं होतं की कंटाळा येईल, पण सगळ्यात भारी भाग तोच निघाला. मोजून तीन-चार स्लाइड, बाकी सगळं बोर्डवर. सुरुवात त्यांनी रेल्वेपासून केली, आमच्या बॅचमध्ये तीन-चार जणांच्या घरी कोणी ना कोणी रेल्वेत, त्यामुळे लगेच पोचलं. भुसावळ ते मनमाड अख्ख्या मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडायची असं ठरवलं तर टक्कर कधीच होणार नाही, फक्त बाकीच्या सगळ्या गाड्या भुसावळलाच उभ्या राहतील, म्हणून मार्ग ब्लॉक सेक्शनमध्ये तोडलेला असतो, एका सेक्शनात एक गाडी. ग्लोबल लॉक म्हणजे पहिली पद्धत आणि बारीक लॉकिंग म्हणजे दुसरी, इतकंच बोलून सर लिनक्सवर आले ते बरं झालं, नाहीतर काही क्लासवाले एकच उदाहरण दिवसभर चावत बसतात.

तर लिनक्स. १९९६ च्या २.० मध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायची सोय आली ती एकाच मोठ्या लॉकच्या जिवावर, बिग कर्नल लॉक, सगळे बीकेएलच म्हणतात. प्रोसेसर कितीही असोत, कर्नलच्या आत एका वेळी एकच. दोन प्रोसेसर असताना हे चालून जातं, कारण बराच वेळ प्रोग्रॅम आपापलं काम बाहेरच करत असतात, प्रोसेसर वाढले की सगळे दारात. मग २.२, २.४ करत करत एकेक भाग या लॉकखालून बाहेर काढला, पण शेवटचा काढायला मे २०११ उजाडला, २.६.३९ मध्ये अर्न्ड बर्गमननं बीकेएल उपटून टाकलं. म्हणजे पंधरा वर्षं. एका पोरानं विचारलंच, "सर, पंधरा वर्षं काय करत होते सगळे?"

याचं उत्तर सरांनी जे दिलं त्यासाठीच माझे निम्मे पैसे वसूल झाले. बीकेएलला दोन सवयी होत्या ज्या साध्या लॉकला नसतात. एक, ज्याच्याकडे ते लॉक आधीच आहे तो परत घेऊ शकायचा, अडकायचा नाही. दुसरी, ते हातात धरून कोणी झोपलं म्हणजे डिस्कची वगैरे वाट बघत बसलं, तर शेड्यूलर (कोणी कधी चालायचं ते ठरवणारा भाग) ते लॉक गुपचूप सोडून द्यायचा आणि जागं झाल्यावर परत घेऊन द्यायचा. आता विचार करा, एवढ्या वर्षांत हजारो फंक्शन या दोन सवयींवर विसंबून लिहिली गेली, कोणी कुठं लिहून ठेवलेलं नाही की मी बीकेएल कशासाठी घेतोय, कोणता डेटा वाचवतोय. घेतलंय म्हणून घेतलंय. तिथं सरळ म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं साधं लॉक) घालून दिलं तर एक तर स्वतःच स्वतःत अडकतं, नाहीतर लॉक धरून झोपतं आणि बाकीचे ताटकळतात. राइजरएफएस नावाच्या फाइलसिस्टिमचं हेच झालं, फ्रेडरिक वाइसबेकरनं ते बीकेएलवरून सोडवलं तेव्हा प्रत्येक फाइलसिस्टिमला तिचं स्वतःचं लॉक दिलं, पण ते लॉकही परत परत घेता येईल असंच ठेवावं लागलं आणि झोपायच्या आधी ते हातानं सोडायचं असं जागोजागी घालावं लागलं.

२००८ चा किस्सा तर सरांनी रंगवून सांगितला. बीकेएल तेव्हा आतून सेमाफोरवर (वाट बघणाऱ्याला झोपवणारं लॉक) चालायचं, २.६.२६ च्या तयारीत मॅथ्यू विल्कॉक्सनं सेमाफोरचा कोड नव्यानं साफसूफ करून लिहिला, चांगलाच लिहिला, पण एआयएम७ नावाच्या बेंचमार्कवर सुमारे ४० टक्के फटका बसला. कोणाचा सेमाफोर हळू वगैरे काही नाही, खाली बीकेएल किती ठिकाणी वापरात आहे ते तेव्हा उघडं पडलं. लिनस टॉरवाल्ड्सनं बीकेएल परत स्पिनलॉक (न झोपता जागीच गरगरत वाट बघायला लावणारं लॉक) करून टाकलं, आणि त्याच्यावरून इंगो मोलनारनं मे २००८ मध्ये बीकेएल मारायची वेगळी ट्रीच म्हणजे कोडची वेगळी शाखाच उघडली. त्यानंतर जे झालं ते अगदी रटाळ काम, आणि सरांनी ते रटाळच आहे असं सांगून दाखवलं हे मला फार आवडलं. लॉक वरून खाली ढकलत न्यायचं. आधी कर्नलचा मधला भाग सगळ्या ड्रायव्हरांसाठी बीकेएल घ्यायचा, आता ते त्यानं घ्यायचं नाही, प्रत्येक ड्रायव्हरनं आपापल्या ओपनमध्ये, आयओसीटीएलमध्ये (ड्रायव्हरला हुकूम द्यायचं फंक्शन) स्वतः घ्यायचं. वागण्यात काहीच फरक नाही, वेग वाढत नाही, पण आता एकेका ड्रायव्हरकडे बघून म्हणता येतं की याला खरंच गरज आहे का, नसेल तर ओळ खोडा. त्यासाठी अनलॉक्ड आयओसीटीएल नावाची वेगळी वाट २.६.११ मध्येच, २००५ ला, करून ठेवलेली होती आणि जुनी लॉकवाली वाट २.६.३६ ला बंद झाली. म्हणजे पाच वर्षं दोन दारं शेजारी शेजारी. हे ऐकल्यावर आमच्या कंपनीतल्या जुन्या कोडबद्दल माझा राग थोडा कमी झाला खरं.

दुपारी कोड उघडायच्या आधी सरांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले. अभ्यासाला एक छोटं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) होतं, केळीच्या गाड्यांचं रजिस्टर, गाडी कोणत्या केंद्रावर आहे, रावेर, सावदा, यावल, भरली का रिकामी, वजन किती, असं सगळं एका हॅश टेबलमध्ये, म्हणजे बकेट नावाच्या छोट्या याद्यांत वाटलेलं, आणि पूर्ण टेबलावर एकच म्यूटेक्स. कागदावर डावीकडे प्रत्येक व्हेरिएबल लिहायचं आणि उजवीकडे ते आत्ता कोण वाचवतंय आणि लॉक तोडल्यावर कोण वाचवेल. बस. कीबोर्डला हात लावायचा नाही. पोरं कुरकुरली, "सर हे तर कॉलेजच्या प्रॅक्टिकलसारखं झालं", पण तासाभरात मजा कळली, कारण बकेटमधल्या याद्या सगळ्यांनी लिहिल्या आणि तरी जवळजवळ सगळ्यांच्या कागदावरून दोन गोष्टी सुटल्या, एक म्हणजे एकूण गाड्यांचा काउंटर जो कोणत्याच एका बकेटचा नाही, आणि दुसरी म्हणजे गाडीची नोंद स्वतः, ती शोधून हातात दिल्यावर ती जिवंत राहील याची हमी कोण देतंय. मोठं लॉक असताना ही हमी फुकटात मिळत होती म्हणून कोणाला ती दिसलीच नाही. मला विचाराल तर वर्कशॉपचा सगळा जीव या एका कागदात होता आणि बाहेर जे ट्यूटोरियल असतात त्यात नेमका हाच भाग नसतो, तिथं डायरेक्ट "आता प्रत्येक बकेटला एक स्पिनलॉक देऊया" असं सुरू होतं.

मग कोड. व्हीएममधलं कर्नल लॉकडेप चालू करून बनवलेलं. लॉकडेप म्हणजे कर्नलमधला पहारेकरी, कोणतं लॉक कोणत्या लॉकनंतर घेतलं जातं याची नोंद ठेवतो आणि उलटा क्रम दिसला की प्रत्यक्ष डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकणं) व्हायच्या आधीच बोंब मारतो, २.६.१८ पासून आहे, २००६ सालचा. पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या लॅबच्या स्क्रीनवर वेगळीच बोंब आली, स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट. कारण मूळ कोडमध्ये म्यूटेक्स होतं, त्याच्या आत मेमरी मागताना झोपायची परवानगी होती, आता तिथं स्पिनलॉक आलं आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. मेमरी आधी मागून घ्या, मग लॉक घ्या, झालं.

खरी गंमत गाडी हलवण्यात. रावेरच्या यादीतून गाडी काढून सावद्याच्या यादीत टाकायची म्हणजे दोन्ही बकेटची लॉक्स एकदम हातात पाहिजेत, आणि त्याच वेळी दुसरा थ्रेड सावद्याहून रावेरला गाडी नेत असेल तर एकाच्या हातात रावेर आणि डोळा सावद्यावर, दुसऱ्याचं उलटं, दोघंही जागच्या जागी. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण लॉकडेपनं जो मेसेज दिला तो पुस्तकातला नव्हता, त्यानं पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग डिटेक्टेड असं म्हटलं, म्हणजे तू एकच लॉक दोनदा घेतोयस. आता लॉक तर दोन वेगळी आहेत! सरांनी इथं सगळ्यांना थांबवलं आणि समजावलं की लॉकडेप एकेक लॉक ओळखत नाही, तो लॉकचा वर्ग ओळखतो, आणि एकाच लूपमध्ये एकाच ओळीवर तयार केलेली सगळी बकेट लॉक्स त्याच्या लेखी एकाच वर्गातली. त्याला सांगावं लागतं की दुसरं लॉक मी मुद्दाम आत घेतोय, त्यासाठी स्पिन लॉक नेस्टेड असं वेगळं फंक्शन आहे.

चोपड्याच्या एका पोरानं लगेच तेवढंच केलं. नेस्टेड लिहिलं, लॉकडेप गप्प, पोरगं खूश. टेस्ट चालवली आणि वीस-बावीस सेकंदांनी स्क्रीनवर सॉफ्ट लॉकअप, दोन्ही सीपीयू अडकलेले. कारण नेस्टेड म्हणजे फक्त तुम्ही दिलेला शब्द असतो की क्रम मी सांभाळीन, लॉकडेप तो क्रम तपासत बसत नाही, आणि यानं क्रम लावलाच नव्हता. लहान नंबरची बकेट आधी, मोठी नंतर, आणि दोन्ही एकच असतील तर एकदाच घ्यायचं, हे तीन नियम हातानंच लिहायचे. सर त्याच्याजवळ जाऊन फक्त एवढंच म्हणाले, "भो, त्याचं तोंड बंद केलं तुनं, भांडण नाही मिटवलं." लॅब हसली, पण त्या पोरालाही राग आला नाही, अशी शिकवायची पद्धत मला आवडते.

आणखी एक गोष्ट जी मी कुठं वाचली नव्हती, म्हणजे लक्ष देऊन वाचली नव्हती, ती ही की लॉकडेप पहिली तक्रार केली की स्वतःला बंद करून घेतो, रीबूट करेपर्यंत. सगळ्या लॅबनं पहिली चूक दुरुस्त केली, मॉड्यूल काढून परत घातलं, काहीच वॉर्निंग नाही, सगळे म्हणाले चला झालं. रीबूट केल्यावर निम्म्यांच्या स्क्रीनवर दुसरी वॉर्निंग तयारच होती. अशा बारक्या गोष्टींसाठी माणूस समोर असावा लागतो.

संध्याकाळी शेवटचा तास गाडीच्या नोंदीच्या जिवावर, म्हणजे शोध फंक्शननं लॉक सोडून पॉइंटर परत दिला, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडनं ती नोंद यादीतून काढून मेमरी मोकळी केली, आता हातात जे आहे ते मेलेलं. केएएसएएन या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनानं यूज आफ्टर फ्री पकडून दाखवलं, उपाय असा की लॉक हातात असतानाच नोंदीचा रेफरन्स काउंट वाढवायचा आणि काम झालं की कमी करायचा, शेवटचा जो सोडेल तो मोकळी करेल. हे घाईत झालं, लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर पंखे आणि पीसी चालले पण कूलर बंद, आणि मे महिन्यातली जळगावची संध्याकाळ कूलरशिवाय काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. इन्व्हर्टरचं कौतुक मात्र करतो, एकाही पीसीनं दम तोडला नाही.

जेवणाचं एका वाक्यात, खालीच कोपऱ्यावर शेवभाजी मिळते, तर्री झणझणीत, सोबत कळण्याची भाकरी मागा, पोळी नका मागू, आणि खाऊन आल्यावर पहिला तास झोप येणार हे धरून चाला.

आता रविवार आणि कापलेला स्टार. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं, स्वतः मोजा, ग्लोबल लॉक आणि बारीक लॉकमधला फरक. मोजलं. बारीक लॉकवालं मॉड्यूल हळू निघालं. एकाचं नाही, जवळजवळ सगळ्यांचं. सर म्हणाले ओव्हरहेड असतो, मोठ्या मशीनवर फरक दिसेल, आणि पुढच्या स्लाइडवर गेले. हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. कारण उत्तर समोरच होतं. ज्या कर्नलवर मोजत होतो ते शनिवारचंच कर्नल, लॉकडेप चालू, केएएसएएन चालू. लॉकडेप असताना प्रत्येक लॉक घेताना आणि सोडताना हिशेब लिहिला जातो, तुम्ही जितकी जास्त लॉक्स घ्याल तितका हिशेब जास्त, म्हणजे बारीक लॉकिंगला आपण मुद्दाम दंड लावून पळायला सांगतोय. त्यात व्हीएमला फक्त दोन सीपीयू दिलेले, दोघांची एका दारात कितीशी गर्दी होणार, आणि खालचे पीसी उन्हाळ्यात तापून स्वतःचा वेग कमी करत होते, एकच टेस्ट दोनदा चालवली की दोन वेगळे आकडे. अशा मोजणीतून नवख्या पोरानं काय शिकायचं, की बारीक लॉकिंग फालतू असतं? दोन-तीन जण तेच बोलत जिना उतरले.

मी घरी आठ कोरच्या डेस्कटॉपवर साध्या कर्नलवर तेच मॉड्यूल चालवलं. एकच थ्रेड असताना दोन्ही जवळपास सारखे, थ्रेड वाढवले तसं ग्लोबलवालं तिथल्या तिथं आणि बारीकवालं चढत गेलं, पण चार थ्रेडनंतर तेही सपाट. इथं खरा धडा होता आणि तो वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांत दाखवता आला असता. एकूण गाड्यांचा जो काउंटर शनिवारी कागदावरून सुटला होता, त्याला सगळ्यांनी अॅटॉमिक (मधे कोणी घुसू शकत नाही असा एका दमात बदलणारा) करून टाकलं होतं आणि विषय संपला असं समजलं होतं. अॅटॉमिक म्हणजे लॉक नाही हे बरोबर, पण ती एक कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीचा एका वेळी उचलतो तो छोटा तुकडा) आहे आणि प्रत्येक कोर लिहिण्यासाठी ती स्वतःकडे ओढून घेतो, म्हणजे आठ कोर परत एकाच गोष्टीसाठी रांगेत. काउंटर प्रत्येक सीपीयूचा वेगळा केला, बेरीज फक्त कोणी विचारलं की करायची, आलेख परत चढला. दुसरी गोष्ट अशी की बकेटची लॉक्स एका रांगेत चिकटून ठेवलेली, साध्या कर्नलमध्ये एक्स८६ वर स्पिनलॉक चार बाइटचं असतं आणि कॅश लाइन ६४ बाइटची, म्हणजे एका लाइनीत सोळा लॉक्स, कागदावर वेगळी पण हार्डवेअरच्या हिशेबानं शेजारी शेजारी भांडणारी. ती लांब लांब ठेवली की अजून थोडा फायदा. सरांना हे सगळं येत नसेल असं मी अजिबात म्हणत नाही, माणूस माझ्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे, तयारी कमी पडली एवढंच. पेन ड्राइव्हमध्ये साध्या कर्नलची दुसरी इमेज टाकली तरी निम्मा प्रश्न सुटतो, मी त्यांना तसं व्हॉट्सअॅपवर कळवलं आणि त्यांनी पुढच्या बॅचला करतो म्हटलंय.

रविवारी दुपारी जे झालं ते पळत पळत. एमएमॅप लॉकची गोष्ट चांगली होती, एका प्रोसेसच्या सगळ्या मेमरी नकाशावर एकच लॉक, त्यामुळे खूप थ्रेडवाला प्रोग्रॅम पेज फॉल्टला (हवं ते मेमरीचं पान जागेवर नसलं की कर्नलकडे मागणं) अडखळायचा, आणि ६.४ मध्ये, २०२३ ला, सुरेन बागदासार्यनच्या कामामुळे नकाशाच्या एकेका तुकड्याला स्वतःचं लॉक मिळालं. म्हणजे बीकेएल गेलं तरी हा उद्योग संपलेला नाही, मोठं लॉक गेलं की त्याच्याखालचं मधलं लॉक मोठं वाटायला लागतं. यावर अजून अर्धा तास द्यायला हवा होता. आरसीयू (वाचणाऱ्याला लॉक न घेता वाचू देणारी पद्धत) मात्र वीस मिनिटांत गुंडाळलं, ते न शिकवता नुसतं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं.

लिनक्सच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही हीसुद्धा एक तक्रार. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं जायंट नावाचं लॉक काढायला २००० मध्ये एसएमपीएनजी प्रकल्प काढला, ५.० यायला जानेवारी २००३ झालं, नेटवर्क स्टॅक जायंटशिवाय चालायला ५.३ म्हणजे २००४ चा नोव्हेंबर, आणि मधल्या काळात मॅट डिलनला ही दिशाच पटली नाही म्हणून त्यानं ड्रॅगनफ्लाय बीएसडी वेगळं काढलं. एवढं सगळं एका लॉकवरून! विंडोज ७ मध्ये डिस्पॅचर लॉक (थ्रेड चालवण्याच्या कामावरचं मोठं लॉक) तोडलं तेव्हा कुठं ते २५६ लॉजिकल प्रोसेसरपर्यंत पोचलं. ओपनबीएसडी तर अजूनही एकेक भाग सोडवत बसलंय, आणि त्यांच्या टॉपमध्ये (सीपीयू कशात गुंतलाय ते दाखवणारा प्रोग्रॅम) स्पिन नावाचा वेगळा रकाना दिसतो, सीपीयू लॉकसाठी नुसता गरगरतोय तो वेळ तिथं टक्क्यात, एवढं उघड दुसरं कुठं बघायला मिळत नाही, शिकवायला याहून चांगलं काय पाहिजे. तासभर दिला असता तर पोरांना कळलं असतं की ही फक्त लिनक्सवाल्यांची कटकट नाही.

तरीही चार स्टार का, तर पुण्या-मुंबईला यापेक्षा चौपट फी देऊन मी जे कोर्स केलेत तिथं कोणी कागद वाटला नव्हता. आमच्या ऑफिसात एक जुना डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आहे, एका म्यूटेक्सवर सगळा चालतो, त्याच्यावर मी आता तोच तक्ता भरतोय, उजवा रकाना अजून निम्मा रिकामा आहे आणि जोवर तो भरत नाही तोवर कोडला हात लावणार नाही असं टीमला सांगून टाकलंय, मॅनेजर वैतागलेला आहे, असू दे.

जाणार असाल तर चार गोष्टी. स्वतःचा लॅपटॉप न्या, १६ जीबी रॅम असेल तर बरं, लॅबचे पीसी रडतात. व्हीएमला किमान चार सीपीयू द्या आणि मोजायच्या वेळी साधं कर्नल घाला, डेबियनचं नेहमीचं चालतं. सीमधले पॉइंटर आणि लिंक्ड लिस्ट कच्चे असतील तर आधी आठवडाभर बसा, तिथं कोणी थांबत नाही. मे महिन्यातली बॅच टाळा, थंडीतली घ्या, तेव्हा लाइटही कमी जाते आणि भरीतही मिळतं. फी यूपीआय किंवा रोख, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि गाडी बिल्डिंगखाली लावू नका, वॉचमन हवा सोडतो.